संस्थापक की प्रवर्तक? : ‘फाउंडर’ या इंग्रजी शब्दाची चिकित्सा

इंग्रजीतील बहुतेक ज्ञानकोशांत व शालेय पुस्तकांत तथागत बुद्धांचा परिचय ‘फाउंडर ऑफ बुद्धिझम’ या तीन शब्दांनी सुरू होतो. मराठीत त्याचे भाषांतर ‘बौद्ध धर्माचे संस्थापक’ असे होते, आणि ते इतके अंगवळणी पडले आहे की आपल्या जयंतीच्या पत्रकांत, व्याख्यानांत व विद्यार्थ्यांच्या निबंधांतही ते विनाशंक वापरले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावामागेही हाच शब्द लागतो. बाबासाहेबांच्या बाबतीत त्याला निश्चित आधार आहे. बहिष्कृत हितकारिणी सभा (१९२४), स्वतंत्र मजूर पक्ष (१९३६), पीपल्स एज्युकेशन सोसायटी (१९४५), भारतीय बौद्ध महासभा (१९५५) या संस्था त्यांनी स्थापन केल्या, हे इतिहासाने नोंदविलेले सत्य आहे. परंतु एकच शब्द शिक्षणसंस्थेलाही लावायचा आणि धम्मालाही लावायचा, यात काही घोटाळा होतो काय, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे. शब्दाचा कीस काढणे हा विद्वानांचा रिकामपणाचा उद्योग आहे असे कोणास वाटेल, तर त्यांनी लेखाच्या उत्तरार्धातील एका बंद विहाराची हकीकत वाचेपर्यंत धीर धरावा, अशी विनंती आहे.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. ‘फाउंड’ म्हणजे स्थापणे, हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्याच्या मागे लॅटिनमधील ‘फुंडस’ हा शब्द आहे. फुंडस म्हणजे तळ, बूड, आणि त्याच ओघाने जमिनीची मिळकत. ‘फाउंडेशन’ म्हणजे पाया, आणि ‘फंड’ म्हणजे निधी, हे दोन्ही शब्द याच घराण्यातले. म्हणजे पाया, जमीन आणि पैसा या तीन वस्तू या शब्दाच्या पोटात आरंभापासूनच आहेत. इंग्रजीत आणखी एक ‘फाउंडर’ आहे. तो धातू वितळवून साच्यात ओतणारा ओतारी. त्याचे मूळ निराळे, ‘ओतणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. तिसरा ‘फाउंडर’ क्रियापद असून त्याचा अर्थ बुडणे, जहाजाने तळ गाठणे असा होतो. तो पुन्हा त्याच ‘फुंडस’चा वंशज होय. आणि ‘फाइंड’ म्हणजे शोधणे, सापडणे, या अगदी वेगळ्या कुळातील क्रियापदाचे भूतकाळी रूपही ‘फाउंड’ असेच लिहिले जाते. या शेवटच्या योगायोगाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

संस्थेच्या संदर्भात या शब्दाला जो अर्थ आला, तो मुख्यतः इंग्लंडच्या कायद्याने दिला. १६१२ च्या सटन हॉस्पिटल खटल्यात आणि पुढे ब्लॅकस्टन या विधिपंडिताच्या १७६५ सालच्या ग्रंथात स्थापनेचे दोन प्रकार केलेले आढळतात. एक आरंभक स्थापना, म्हणजे संस्थेला कायद्याने अस्तित्व देणे. ती राजा करतो. दुसरी पूर्णत्व देणारी स्थापना, म्हणजे संस्थेला मिळकत देणे. ती दाता करतो. धर्मादाय संस्थेच्या बाबतीत हा दाताच खरा ‘फाउंडर’ मानला गेला. आणि त्याला एक हक्क मिळाला, तो देखरेखीचा, ज्याला तिकडे ‘व्हिजिटर’चा हक्क म्हणतात. संस्थेत भांडण झाले तर निवाडा त्याने करावयाचा. आणि त्याने दुसरी व्यवस्था केली नसेल तर त्याच्यामागून त्याच्या वारसांनी. अशा रीतीने या शब्दाला वंश चिकटला.

बाबासाहेब ज्या दोन परदेशी विद्यापीठांत शिकले, त्यांच्याच इतिहासात या शब्दाचे चढउतार पाहता येतात. कोलंबिया विद्यापीठ १७५४ साली दुसऱ्या जॉर्ज राजाच्या सनदेने ‘किंग्ज कॉलेज’ या नावाने अस्तित्वात आले. तेथे सनद हीच स्थापना. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स १८९५ साली निघाले ते हेन्री हंट हचिन्सन यांच्या मृत्युपत्रातील पैशातून. परंतु संस्थापक म्हणून नावे घेतली जातात ती सिडनी व बिॲट्रिस वेब, ग्रॅहम वॉलस आणि बर्नार्ड शॉ यांची. तेथे कल्पना देणारा संस्थापक ठरला, पैसा देणारा मागे पडला. हार्वर्डमध्ये याच्या नेमके उलट झाले. महाविद्यालय काढण्याचा ठराव १६३६ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेने केला. जॉन हार्वर्ड या धर्मोपदेशकाने १६३८ साली मृत्यूसमयी आपली निम्मी मिळकत व ग्रंथ त्याला दिले. आणि पुतळ्याखाली मात्र ‘जॉन हार्वर्ड, फाउंडर, १६३८’ असे कोरले गेले. तेव्हा सनद देणारा, निधी देणारा आणि कल्पना मांडणारा, या तिघांपैकी कोणालाही हा शब्द लागू शकतो. आजकाल पुण्या-बंगळूरमधील उद्योगांत दोन-तीन तरुण मिळून स्वतःस ‘को-फाउंडर’ म्हणवतात, तेथे अर्थ आणखी साधा आहे : भागभांडवलातील पहिला हिस्सा.

हिंदू देवस्थानांच्या बाबतीत हा अर्थ अधिकच घट्ट झाला. १८८९ साली प्रिव्ही कौन्सिलने एका देवस्थानाच्या खटल्यात असे तत्त्व मांडले की, देवतेची पूजा ज्याने स्थापन केली त्याने वेगळी तजवीज केल्याचा पुरावा नसेल, तर वहिवाटीचा अधिकार, म्हणजे शेबाइतपण, संस्थापकाच्या वारसांकडे जाते. ब्रिटिश न्यायासनाने येथील रूढीला इंग्रजी शब्दाचा साज चढविला, आणि ‘फाउंडर’चा मुलगा मंदिराचा वहिवाटदार झाला. ज्या समाजाला त्या मंदिरांच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, त्याने हा शब्द आपल्या विहारात आणताना त्याच्याबरोबर काय काय येते हे पाहावयास हवे होते.

मराठीतील ‘संस्थापक’ हा शब्द याहून निर्दोष आहे, असे मात्र समजू नये. संस्था नोंदविण्याच्या व्यवहारात तो केवळ तांत्रिक आहे. परंतु ‘धर्मसंस्थापक’ म्हटले की त्यामागे एक जुनी कल्पना उभी राहते. धर्माला ग्लानी आली की ईश्वराने अवतार घ्यावा आणि धर्माची पुन्हा संस्थापना करावी, ही ती गीतेतील कल्पना. म्हणजे धर्म आधीच ईश्वराचा. संस्थापक हा त्याचा अवतार. बुद्ध हे विष्णूचे अवतार आहेत हे मी मानणार नाही, अशी प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी उच्चारली. पुढच्या दाराने हाकलून दिलेली ती कल्पना ‘धर्मसंस्थापक’ या शब्दाच्या मागच्या दाराने घरात शिरते, आणि आपण तिला पाट मांडतो.

आता पालि साहित्याची साक्ष काढू. संयुत्तनिकायातील नगरसुत्तात तथागतांनी स्वतःच्या कार्याला एक उपमा दिली आहे. अरण्यात भटकणाऱ्या माणसाला पूर्वीच्या लोकांनी मळलेली एक प्राचीन वाट दिसते. तो तिने जातो, तेव्हा त्याला उद्याने, तळी व तट असलेले एक जुने नगर आढळते. तो येऊन राजाला सांगतो आणि राजा ते नगर पुन्हा वसवितो. येथे वाट सापडली आहे. इंग्रजीतला दुसरा ‘फाउंड’, शोधण्याचा, येथे नेमका बसतो. पहिला, पाया घालण्याचा, बसत नाही.

यावर कोणी मज्झिमनिकायातील गोपकमोग्गल्लानसुत्ताकडे बोट दाखवील. तेथे आनंद स्थविर भगवंतांना ‘उप्पादेता’ म्हणतात, म्हणजे अनुत्पन्न मार्ग उत्पन्न करणारे. एके ठिकाणी सापडलेली वाट आणि दुसऱ्या ठिकाणी उत्पन्न केलेली वाट, हा विरोध आहे काय? माझ्या मते नाही. लुप्त झालेली वाट त्या काळातील माणसांपुरती नसल्यासारखीच होती, आणि ती पुन्हा चालती करणे हे त्यांच्यापुरते उत्पन्न करणेच होय. परंतु या सुत्ताचे खरे महत्त्व पुढच्या संवादात आहे, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे.

प्रसंग महापरिनिर्वाणानंतर थोड्याच काळाचा. आनंद राजगृहात आहेत. अवंतीचा राजा प्रद्योत चाल करून येईल या शंकेने अजातशत्रू नगराची तटबंदी मजबूत करवीत आहे. भिक्षेला अजून अवकाश आहे म्हणून आनंद गोपक मोग्गल्लान या ब्राह्मणाच्या कामाच्या जागी जातात. तेथे मगधाचा महामात्य वस्सकार येतो. वज्जींच्या गणराज्यात फूट कशी पाडावी याचा विचार करणारा हा मुत्सद्दी. संघटना कशाने टिकते व कशाने मोडते याची त्याला चांगली जाण. तो विचारतो, गोतमांनी आपल्यामागे तुमचा आधार म्हणून कोणा भिक्षूला नेमले आहे काय? आनंद नाही म्हणतात. मग संघाने बहुमताने कोणाला नेमले आहे काय? तेही नाही. तर मग तुमच्यात ऐक्य कशाच्या आधाराने आहे, असा त्याचा सरळ राजकीय प्रश्न. आनंदांचे उत्तर असे की आम्ही निराधार नाही, आमचा आधार धम्म आहे. एका ग्रामक्षेत्रात राहणारे आम्ही सारे उपोसथाच्या दिवशी एकत्र जमतो, पातिमोक्ख म्हणतो, आणि कोणाकडून चूक झाली असेल तर नियमाप्रमाणे तिचा निकाल लावतो. हा निकाल व्यक्ती लावत नाहीत, धम्म लावतो. तटबंदीच्या कामावर देखरेख करणाऱ्या महामात्याला हे उत्तर कितपत पटले असेल, कोण जाणे.

भगवंतांच्या हयातीतच हा प्रश्न एकदा निघाला होता. देवदत्ताने भर सभेत, आपण आता वृद्ध झालात, संघ माझ्या हवाली करा, अशी मागणी केली. सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्याही हवाली मी संघ करणार नाही, असे तथागतांनी त्याला उत्तर दिले. महापरिनिब्बाणसुत्तात तर संघ माझ्यावर अवलंबून आहे असा विचारच तथागताच्या मनात येत नाही, असा खुलासा आहे. ज्याने वारस नेमला नाही, आणि संघ आपला आहे असेच मानले नाही, त्याला वारसाहक्क निर्माण करणारा शब्द कसा शोभावा?

निःपक्षपातीपणासाठी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. पालि ग्रंथांत तथागतांना ‘धम्मस्सामी’, धम्माचे स्वामी, असेही म्हटले आहे. तो शब्द महाकच्चान यांच्यासारख्या शिष्यांच्या मुखी येतो. तो आदराचा आहे आणि कठीण प्रश्न त्यांनाच विचारायला हवा होता, या संदर्भात आलेला आहे. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. परंतु भक्तीच्या भरात मालकीची भाषा किती सहज तोंडी येते, हे मात्र त्यावरून दिसते.

बाबासाहेबांनी हा शब्द कसा हाताळला, हे पाहणे उद्बोधक आहे. कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या मासिकात १९५० साली त्यांनी बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य या विषयावर जो प्रसिद्ध इंग्रजी लेख लिहिला, त्यात ‘फाउंडर’ हा शब्द त्यांनी टाळलेला नाही. धर्मसंस्थापकांपैकी चौघांची, म्हणजे बुद्ध, येशू, महंमद व कृष्ण यांची, त्यांनी एकत्र गणना केली. परंतु एकत्र मांडून लगेच त्यांनी बुद्धांना वेगळे काढले : एक ईश्वराचा पुत्र, एक ईश्वराचा प्रेषित, एक स्वतःच ईश्वर, आणि बुद्ध मात्र माणूस, इतर मोक्षदाते, बुद्ध मार्गदाते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या मागे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते आणखी पुढे गेले. बुद्धांनी आपल्या धम्मात स्वतःला स्थान ठेवले नाही आणि धम्म हाच धम्माचा उत्तराधिकारी होय, हा विचार त्यांनी एका स्वतंत्र प्रकरणात मांडला. इंग्रजी वाचकाशी बोलताना त्याचा शब्द घ्यावा आणि वाक्य संपण्यापूर्वी त्यातील हवा काढून घ्यावी, ही बाबासाहेबांची पद्धत होती. आपण शब्द तेवढा उचलला.

येथे असा आक्षेप येईल की विहार, लेणी, मठ यांना जमीन व पैसा लागतोच. मग ते देणाऱ्यांना बौद्ध परंपरेने काय म्हटले? याचे उत्तर आपल्याच डोंगरांत कोरलेले आहे. विनयपिटकात राजगृहाच्या श्रेष्ठीने साठ विहार बांधले तेव्हा, आणि अनाथपिंडिकाने जेतवन दिले तेव्हा, ते आलेल्या व येणाऱ्या चातुर्दिश संघाला द्यावे असे भगवंतांनी सांगितल्याची नोंद आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर उषवदाताने, म्हणजे नहपान क्षत्रपाच्या जावयाने, लेणे करविले ते याच चातुर्दिश संघाला दिले. त्याबरोबर त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. दोन हजार गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे. हिशेब करून पाहावा, तो बरोबर जुळतो. इंग्रज ज्याला ‘फंड’ म्हणतो तो हाच. परंतु मुद्दल दात्याच्या घरात राहिले नाही, ते विणकरांकडे गेले, आणि लेणे संघाकडे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेखात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आपण हे शैलगृह ‘परिनिठापित’ केले, पूर्णत्वास नेले, असे सांगतो. ब्लॅकस्टनच्या ‘पूर्णत्व देणारी स्थापना’ या कल्पनेला इतका जवळचा शब्द सोळा-सतरा शतके आधी येथे होता. फरक एवढाच की त्या पूर्णत्वाबरोबर भूतपालाने किंवा त्याच्या मुलाने चैत्यगृहावर हक्क सांगितल्याचे तो लेख सुचवीत नाही. दान नेहमीच साऱ्या संघाला होते असेही नाही. नाशिकचेच गौतमी बलश्रीचे भव्य लेणे भद्रायणीय या एका निकायाला दिलेले आहे. तेथेही घेणारा समुदायच आहे.

आता आपल्या घरात पाहू. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे कोणत्याही सात किंवा अधिक व्यक्तींनी घटनापत्रावर सह्या केल्या की संस्था नोंदविता येते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे धर्मादाय कार्यालयात जो अर्ज द्यावा लागतो, त्यात विश्वस्तपदाचा उत्तराधिकार कोणत्या पद्धतीने चालेल हेही लिहावे लागते. सात सह्यांपैकी पहिली सही कोणाची, हा केवळ बसण्याच्या क्रमाचा प्रश्न. पण पुढे छापल्या जाणाऱ्या पत्रशीर्षावर तीच सही ‘संस्थापक-अध्यक्ष’ होते.

प्रस्तुत लेखकाने एका वस्तीतील विहाराच्या मंडळात काही वर्षे चिटणीस म्हणून काम केले. तो विहार महिला मंडळाच्या आठवडी वर्गणीतून उभा राहिला; दर रविवारी घरोघर फिरून जमविलेल्या दोन-दोन रुपयांची नोंद असलेली वही आजही आहे. घटनापत्रावर पहिली सही करणारे गृहस्थ सज्जन होते व त्यांनी कष्टही पुष्कळ घेतले. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या चिरंजीवांनी ‘संस्थापकांचे वारस’ म्हणून किल्ल्या आपल्याकडे ठेवल्या. विरोधी गटाने वेगळी कार्यकारिणी निवडली, दोन बदल अर्ज दाखल झाले, दोन पत्रशीर्षे छापली गेली. तीन वर्षे वैशाख पौर्णिमेची वंदना बंद दरवाज्यासमोर, रस्त्यावर सतरंजी अंथरून झाली. चिरंजीव मनाने वाईट होते असे मला वाटत नाही. वडिलांच्या नावापुढे छापलेला शब्द त्यांनी प्रामाणिकपणे वाचला होता, आणि त्या शब्दाचा इंग्रजी कायद्यातला अर्थ तोच होता. वहीतल्या बायांपैकी एकीचेही नाव घटनापत्रावर नव्हते. कल्पना एकाची, निधी दुसऱ्यांचा, सही तिसऱ्याची. हार्वर्ड आणि लंडनचाच घोळ, पत्र्याच्या छपराखाली.

राजकीय पक्षांची कथा येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दहा महिन्यांनी, नागपुरात अस्तित्वात आला. त्याची कल्पना बाबासाहेबांची, स्थापना अनुयायांची. पुढे जे गट झाले त्या प्रत्येकाने संस्थापकाशी आपले नाते अधिक जवळचे असल्याचे सांगितले. मूळ संकल्पनेशी किती जवळचे, हे क्वचितच. उलट बाबासाहेबांनी स्वतः काढलेल्या महाविद्यालयांना सिद्धार्थ व मिलिंद अशी नावे दिली. स्वतःचे नाव देण्याचा अधिकार, कायद्याने व कष्टानेही, त्यांच्याइतका कोणाला होता?

तेव्हा शब्दाची निवड करावयाची असेल तर ती आपल्या हाताशी आहे. बाबासाहेबांनी नागपूरच्या घटनेला ‘धर्मस्थापना’ म्हटले नाही. आपण तो दिवस धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून पाळतो. प्रवर्तन म्हणजे चाक गतिमान करणे. पालि साहित्यात तथागतांनी धम्मचक्र प्रवर्तित केले, आणि सारिपुत्त ते पुढे फिरवितात, असे वर्णन येते. पाया ज्याच्या जमिनीत असतो त्याचा होतो. चाकाला मात्र हात लावणारा दुसरा माणूस लागतोच. धम्माच्या संदर्भात बुद्धांना ‘प्रवर्तक’ किंवा ‘मार्गदाते’ म्हणावे, आणि ‘संस्थापक’ हा शब्द शाळा, सभा, पतपेढी यांच्यासाठी राखून ठेवावा, असे मला वाटते. तेथेही सही करणारा, निधी देणारा व कल्पना मांडणारा यांची नोंद वेगवेगळी व्हावी. विहारासाठी दान देणाऱ्यास ‘दायक’ हा जुना पालि शब्द आहे. तो वापरण्यात कोणाचा कमीपणा होत नाही.

त्या विहाराचे कुलूप गेल्या वर्षी समजुतीने निघाले. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी बसविण्याचे ठरले असून तिच्या मजकुरावरून बैठका चालू आहेत. वहीतली सारी नावे वर्गणीच्या क्रमाने घ्यावीत आणि खाली ‘चातुर्दिश संघास’ एवढे दोन शब्द कोरावेत, असा मसुदा मी दिला आहे. नावे एकशे त्रेचाळीस आहेत, पाटी लहान पडेल, असा एक आक्षेप आला आहे. दगडवाल्याकडून मोठ्या पाटीचा दर मागविला आहे.